आवडाईचा रिकामा वाफा

फार वर्षांपूर्वी, करंजठाणला यायला रस्ता नव्हता, आरणा नदीच्या काठाकाठानं येणारी एक पायवाट तेवढी होती, तेव्हाची ही गोष्ट. सांगणारे गेले, ऐकणारे सांगणारे झाले, पण गोष्ट झिजली नाही, असं म्हणतात.

त्या काळी करंजठाणात आवडाई नावाची सुईण होती. अंगानं काटकुळी, आवाजानं दणदणीत, आणि हात असे की पोटावर ठेवले की आतलं मूल ऐकायला थांबायचं. आडवं आलेलं मूल ती बोलून बोलून सरळ करायची. एकदा आरणेला पूर आला होता आणि पलीकडच्या वस्तीवर एक पहिलटकरीण अडली होती, तेव्हा आवडाईनं म्हशीचं शेपूट धरून नदी पार केली. पाण्यात म्हैस बुडाली, पण शेपूट बुडालं नाही, असं म्हणतात. गावातल्या निम्म्या माणसांना तिनंच जगात आणलं होतं. मिशा फुटलेले गडीसुद्धा तिला पाहून वाट सोडायचे, आणि ती म्हणायची, “चाल पुढं, तुला उघडा बघितलाय मी.”

पण आणणारी होती तशी नेणारीही कुणीतरी होती. करंजठाणात बाया फार मरायच्या. म्हाताऱ्या नव्हेत, तरण्या. काल पाण्याला गेलेली आज तिरडीवर. आणि बाई बाळंतपणात गेली की गावात एकच वाक्य बोललं जायचं, “अलवंतिणीनं नेली.” अलवंतीण म्हणजे आधी बाळंतपणात मेलेली, भूत झालेली बाई. ती दुसऱ्या बाळंतिणीला घेऊन जाते, आणि गेलेली पुन्हा तिसरीला न्यायला येते. ती येऊ नये म्हणून तिरडीच्या मागं राळे पेरत जायचे. राळ्याचा दाणा मोहरीएवढा. तो एकेक वेचल्याशिवाय तिला घराकडं पाऊल टाकता येत नाही, आणि वेचून होण्याआधी उजाडतं, की ती परत नदीकाठच्या मसणवटीत. म्हणजे जी पोरगी जन्मभर या घराचे दाणे निवडत होती, तिला मेल्यावरही दाणेच निवडायला बसवायचं. कुणाला यात काही वावगं वाटत नव्हतं.

आवडाईलाही वाटत नव्हतं. तिच्या हातानं तिनं कितीकदा राळे पेरले होते.

मग एका वैशाखात आवडाईची एकुलती एक लेक तुळसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मूल सुखरूप झालं, मुलगी. आवडाईनं नातीचं नाव चिमा ठेवलं. चौथ्या दिवशी तुळसाला हुडहुडी भरली. पाचवीला सटवाई पुजली तेव्हा तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं. सहाव्या दिवशी ती आईला ओळखेना. सातव्या दिवशी फटफटताना ती गेली.

गावातला बाबू देवऋषी म्हणाला, “अलवंतीणच. मागल्या पोळ्यानंतर सोनाराची भिवरा गेली नव्हं का? तिनंच नेली.”

तिरडी उठली. मागून कुणीतरी राळ्याचं सूप आवडाईच्या हातात दिलं, कारण सुईणीनंच पेरायची रीत होती. आवडाईनं मूठ भरली, आणि मूठ उघडेना. शेवटी देवऋषीनं सूप हिसकावलं आणि आवडाईच्या दारापासून नदीपर्यंत राळे पेरत गेला.

लोक आंघोळी करून घरी गेले. आवडाई गेली नाही. ती नदीकाठी वाकली आणि एकेक दाणा वेचू लागली.

“आवडे, डोकं फिरलं काय तुझं?” बायका कुंपणाआडून ओरडल्या.

“लेक माहेरी आलीया माझी,” आवडाई म्हणाली. “तिला मी वाटंत दाणे वेचाया लावू? मीच वेचते.”

उन्हं चढली, उतरली. मुंग्यांनी नेलेले दाणे मुंग्यांनी परत आणून दिले, असं म्हणतात. दिवेलागणीला शेवटचा दाणा तिनं आपल्या उंबऱ्यावरून उचलला आणि पदराची गाठ मारली. आणि मान वर केली तर दारात तुळसा बसली होती.

आवडाई भ्यायली नाही. लेकीला कोण भितं? तिनं एवढंच विचारलं, “कशानं गं गेलीस, बाई?”

 तुळसा नुसती आईच्या हातांकडं पाहत राहिली. पाहता पाहता दिवा लागला, आणि उजेडात तिथं कुणी नव्हतं.

त्या नजरेचा अर्थ आवडाईला कळला नाही. पण प्रश्न तिच्या तोंडात राहिला तो राहिलाच. कशानं गेली? आख्ख्या आयुष्यात तिनं हा प्रश्न कुणाबद्दलच विचारला नव्हता. गाय मेली तर गाव चार दिवस चर्चा करायचं, काय खाल्लं, कुठं चरली, कुणी पाहिली. बाई मेली की तोंडात मूग.

मग आवडाई घरोघर फिरू लागली. न्हाण आलेल्या पोरीपासून केस पिकत आलेल्या बाईपर्यंत, मधल्या वयात गेलेली प्रत्येकजण तिला हवी होती. ती ओसरीवर बसायची आणि विचारायची, “तुमची थोरली सून कशानं गेली?”

“कशानं म्हंजे? भरलं तिचं.”

“काय भरलं?”

“आवडाई, गेलं माणूस. आता उकरून काय घावणाराय?”

“उकरते म्हणूनच घावंल,” ती म्हणायची आणि हलायची नाही. पुरुषांना काही आठवत नव्हतं. सासवांना आठवत होतं, पण सांगायचं नव्हतं. घराघरांतल्या म्हाताऱ्या आयांना मात्र सगळं आठवत होतं. कुठल्या दिवशी पायाला सूज आली, कुठल्या दिवशी रक्ताचं पटकूर बदलायला उरलं नाही. त्यांना कुणी विचारलं नव्हतं एवढंच. विचारल्यावर त्या थांबेनात.

विहिरीचं मात्र कुणी बोलेना. “पाय घसरला,” एवढंच.

आवडाई चावडीसमोर उभी राहून म्हणाली, “एका विहिरीत सहा बायांचे पाय घसरले. इतक्या वर्षांत एकाबी गड्याचा घसरला न्हाई. गड्यांचे पाय निराळे असत्यात काय रं?”

चावडीवर बसलेले गडी आपापले पाय पोटाशी घेऊन बसले, असं म्हणतात.

आवडाईला लिहिता येत नव्हतं. पण तिला पेरता येत होतं. घरामागं ओढ्यालगत तिचा एक तुकडा होता. मृगाचा पाऊस झाल्यावर तिनं त्याचे चार वाफे केले. रक्त वाहून गेलेल्यांना लाल माठ. पाय सुजून, झटके येऊन गेलेल्यांना तीळ. विहिरीत गेलेल्यांना कारळे. आणि बाळंतपणानंतर ताप येऊन गेलेल्यांना राळे, तेच राळे, लेकीच्या वाटेवरून वेचलेले. एका बाईला एक ओळ. ज्या क्रमानं गेल्या त्या क्रमानं. आणि ओळीच्या तोंडाशी त्या बाईच्या दारातला एक दगड. गाव हसलं. देवऋषी म्हणाला, “भुतांची शेती करतीया.” आवडाईनं चिमाला पाठीशी बांधलं आणि खुरपं चालू ठेवलं.

आश्विन लागला आणि पीक उभं राहिलं. आवडाई बांधावर चढली आणि ओळी मोजू लागली. चौदा ओळी लाल माठाच्या. सात तिळाच्या. सहा कारळ्याच्या, पिवळ्याधमक. आणि राळ्याच्या एकतीस. अर्ध्याहून जास्त रान राळ्याचं. कणसं खाली वाकलेली, जणू एकतीस बाया मान घालून उभ्या आहेत.

तेवढ्यात सोमी आली. सोमी डोंगरावरच्या कातकरी वाडीतली. डोक्यावर मोळी घेऊन ती आठवड्याला गावात यायची. बांधावर मोळी टेकवून तिनं विचारलं, “काय पेरलंस गं आवडाई, लग्नाच्या रांगोळीवानी?”

आवडाईनं सांगितलं. सोमीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग आमच्या वाडीची कोण दिसंना इथं? आमच्यात काय मरत न्हाईत व्हय?”

आवडाई वरमली. वाडीत कुणी विचारायला गेलंच नव्हतं. ती म्हणाली, “सांग. आत्ता पेरीन.”

“रगत जाऊन तिघी गेल्या. एक सर्पानं.”

“आणि तापानं? बाळंत झाल्यावर?”

सोमीनं आठवून पाहिलं. “तसल्या तापानं न्हाई कोण.”

“एकबी न्हाई?”

“न्हाई.”

आवडाईनं विचारलं, “नाळ कशानं कापता गं तुम्ही?”

“बांबूच्या चिपेनं. ताजी फोडायची, कापलं की चुलीत टाकायची. दुसऱ्या पोराला दुसरी चिप. कुठं बांबूला पैका पडतो?”

“आणि हात?”

“धुवायचे की ओढ्यावर, राख लावून. न्हाईतर माझी आजी हातावर काठी मारायची.”

सोमी मोळी उचलून गेली. आवडाई राळ्याच्या वाफ्यात उतरली आणि दगडावरून दगडावर चालू लागली. भिवरा सोनार, पोळ्याच्या आदल्या दिवशी बाळंत. तिच्या पुढच्या ओळीत कोष्ट्याची द्वारका, पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी. तिच्यापुढं गुरवाची सखू, आणखी दोन दिवसांनी. एका दारातून दुसऱ्या दारात ताप चालत गेला होता. आणि त्या दारांतून त्याच क्रमानं आणखी एकच माणूस चालत गेलं होतं. मधे सहा महिने एकही ओळ नव्हती. ते सहा महिने आवडाई मोडक्या पायानं घरात पडून होती.

आता हे ऐकताना मन घट्ट करा, कारण आवडाईनंही केलं.

आवडाईच्या घरी नाळ कापायचा तीन पिढ्यांचा एक विळा होता. आजेसासूकडून सासूकडं, सासूकडून तिच्याकडं आलेला. सगळं गाव त्याला मानायचं. तो कधी धुवायचा नाही, अशी रीत. धुतला की हातगुण जातो. बाळंतिणीच्या खोलीत शिरण्याआधी सुईणीनं हातही धुवायचे नाहीत. विळ्यावर जमलेला हळदीचा आणि जुन्या बाळंतपणांचा काळा थर तळहातांना चोळायचा, कपाळाला लावायचा, आणि मग आत जायचं. आवडाईनं हे श्रद्धेनं केलं होतं. प्रत्येकीसाठी केलं होतं. तुळसासाठी तर जरा जास्तच चोळला होता.

तेव्हा तिला लेकीची नजर कळली.

ती त्या वाफ्यात बसली ती उठेना. पाटलाच्या घरून बोलावणं आलं तेव्हाही ती तिथंच होती. पाटलाची धाकटी सून वेणू, पहिलटकरीण, तिला कळा सुरू झाल्या होत्या.

मनात आलंच नसेल असं नाही. गुपचूप हात धुवावेत, विळा ओढ्यात फेकावा, कुणाला कळणार? वेणू वाचेल, आवडाईचा मान वाचेल. पण आरणेच्या खोऱ्यात बारा गावं होती, बारा गावांत बारा सुइणी, आणि बारा आढ्यांना तसेच बारा विळे खोचलेले होते. ती गप्प बसली तर ते आढ्यालाच राहणार. आणि बोलली तर तिला कोण वेणूच्या खोलीत पाऊल टाकू देणार? एकतीस घरांतले दगड तिनं स्वतःच आणून ओळीनं मांडले होते. फेकायला लांब जायचीही गरज नव्हती.

आवडाई उठली. बोलवायला आलेल्या गड्याला म्हणाली, “आख्ख्या गावाला घिऊन ये इथं. वेणूच्या कळांना अजून अवकाश हाये. मला एवढाच वेळ हाये.”

गाव आलं. पाटलीणबाई धापा टाकत आल्या. “अगं, सून कण्हतीया आणि तू शेत दाखवतीयास?”

आवडाईनं विळा हातात धरला होता. ती लाल माठाकडं बोट करून म्हणाली, “ह्या रक्त जाऊन गेल्या. जेवणात सगळ्यांच्या मागं बसलेल्या, आधीच पांढऱ्याफटक. ह्यांना वेळेत नदीपलीकडं न्यायला गडी भेटला न्हाई. हा वाफा तुमचा.” मग कारळ्याकडं वळली. “ह्या विहिरीत ढकलल्या. कुणी हातानं, कुणी बोलण्यानं. हा वाफाबी तुमचा.” मग ती राळ्यात जाऊन उभी राहिली. “आणि हा सगळ्यात मोठा. हा माझा.”

तिनं सगळं सांगितलं. विळ्याचं, थराचं, हातांचं, सोमीच्या बांबूचं. काही राखलं नाही. तुळसाचं सांगतानाही आवाज उतरू दिला नाही.

वारा पडला. राळ्याचं कणीस हलेना. देवऋषी ओरडला, “ऐकलंत? हीच ती! अलवंतीण आपल्याच गावात दिव्याखाली बसली हुती! चेटकीण!” आणि लोक ओळींच्या तोंडाशी वाकले. प्रत्येकानं आपल्या दारातला दगड ओळखून उचलला.

सगळ्यांच्या पुढं गिरजा सोनारीण होती, भिवराची आई. वाकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, हातात फुटक्या पाट्यासारखा काळा दगड. पहिला दगड तिचा, हे सगळ्यांनी धरलं होतं.

“आवडे,” ती म्हणाली, “माझी भिवरा तू मारलीस?”

“माझ्या हातानं मेली, गिरजाक्का. तवा ठावं नव्हतं. आता हाये.”

“मग आता काय करणार?”

“हात धुणार.”

म्हातारी उभी राहिली. किती वेळ उभी राहिली ते कुणी सांगत नाही. नदीचं पाणीसुद्धा तेवढा वेळ थांबलं होतं, असं म्हणतात. मग गिरजानं दगड होता तिथं, भिवराच्या ओळीपाशी, ठेवला.

“मग धू,” ती म्हणाली. “पाणी मी तापवते.”

एवढंच बोलली आणि पाटलाच्या घराकडं चालायला लागली. एकेकानं दगड खाली ठेवला. देवऋषीच्या हातात तेवढा राहिला, आणि तो पुढं जन्मभर त्याच्या हातातून सुटला नाही, जेवतानासुद्धा, असं म्हणतात.

पाटलाच्या परसात चूल पेटली. पहिल्या हंड्यात विळा टाकला तर पाणी शाईसारखं काळं झालं. दुसऱ्यात लाल झालं. तिसऱ्यात हळदीसारखं पिवळं. प्रत्येक उकळीला आतून कुणीतरी एकेक नाव घेत होतं, आणि ज्या घरचं नाव त्या घरची बाई “ओ” देत होती. सातव्या हंड्याला पाणी निवळशंख राहिलं, आणि तीन पिढ्यांचा काळा विळा अष्टमीच्या चंद्रासारखा पांढरा होऊन बाहेर आला. आवडाईनं राख लावून कोपरापर्यंत हात चोळले, नखं काढली, पुन्हा चोळले. गिरजा वरून ऊन पाणी ओतत होती आणि पुटपुटत होती, “अजून. अजून. करंगळी राहिली.”

वेणूला मुलगा झाला.

पण गाव आनंद करेना. गाव मोजत बसलं. चौथा दिवस. पाचवा. आवडाई दाराबाहेर बसून होती, अन्नाला शिवली नाही. सहाव्याला कुणी मोठ्यानं बोललं नाही. सातव्या दिवशी सकाळी खोलीतून वेणूचा आवाज आला, “आत्याबाई, भूक लागलीया. त्या पेजेत मीठ कोण टाकत न्हाई का या घरात?”

पाटलीणबाई रडत रडत हसल्या आणि मीठ आणायला धावल्या. आवडाई त्याच जागी बसल्या बसल्या झोपली, ती दोन दिवस झोपली.

पुढं आवडाई बाराही गावांत गेली. प्रत्येक गावात तिनं आधी आपला वाफा सांगितला आणि मग विळा मागितला. काही ठिकाणी तिच्यावर शेण फेकलं. ती ओढ्यावर धुऊन पुन्हा त्याच दारात उभी राहायची. वर्षभरात बारा विळे पांढरे झाले. सोमीला तिनं आपल्या जोडीला घेतलं, आणि जे बाळंतपण दोघी करायच्या त्यात पहिला हात सोमीचा. कुरकुर करणाऱ्यांना ती म्हणायची, “तिच्या वाडीचा राळ्याचा वाफा दाखव, मग बोल.”

रक्ताच्या वाफ्यासाठी तिनं डोली बांधून घेतली. ज्या महिन्यात कुणी बाळंत व्हायची असेल त्या महिन्यात चार गड्यांनी गाव सोडायचं नाही, आणि पोटुशी बाई सगळ्यांच्या आधी जेवायला बसेल, हा तिचा दंडक. विहिरीपाशी ती म्हातारपणी स्वतः जाऊन बसायची. अवेळी एकटी येणाऱ्या पोरीला विचारायची, “घागर कुठाय गं?” घागर नसली की तिला जवळ बसवून घ्यायची. कितीजणी तिथून रडून घरी परत गेल्या आणि कितीजणींच्या सासरी आवडाईची काठी वाजली, ते ज्याचं त्याला ठाऊक.

आवडाई फार म्हातारी होऊन गेली. तिच्यामागं कुणी राळे पेरले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी लोक पाहतात तर नदीपासून तिच्या दारापर्यंत वाटेच्या दोन्ही बाजूंनी राळे गुडघाभर उगवून आले होते, ऐन उन्हाळ्यात, पाण्याच्या थेंबावाचून. आणि एका पाखरानं त्याला चोच लावली नाही, असं म्हणतात.

आजही करंजठाणात तरणी बाई गेली तर तिरडी लगेच उचलत नाहीत. घरातली सर्वांत म्हातारी बाई उंबऱ्यात उभी राहून तीनदा विचारते, “कशानं गेली?” आणि ‘नशीब’ हे उत्तर तिथं चालत नाही. खरं उत्तर येईपर्यंत खांदेकरी वाकत नाहीत. मग आवडाईच्या तुकड्यात एक ओळ पडते. माठाच्या ओळी अजून पडतात, कारळ्याच्याही पडतात, आणि पडतात त्या वर्षी दसऱ्याला सोनं वाटण्याआधी सगळं गाव बांधावर उभं राहून हा वाफा कुणाचा ते ठरवतं. भांडणं होतात. व्हायलाच हवीत.

राळ्याची ओळ मात्र पुन्हा कधी पडली नाही. तरी तो वाफा दर मृगाला नांगरतात, ढेकळं फोडतात, खत घालतात, आणि काही न पेरता सोडून देतात. नवी सून गावात आली की तिला तो दाखवायला नेतात. उंबऱ्यात तिच्या हातावर ऊन पाणी घालतात, आणि ते पाणी घरातल्या थोरलीनंच तापवलेलं असावं लागतं.

आणि कुणाच्या हातून काही चुकलं, आणि तो माणूस चारचौघांत उभा राहून ‘माझं चुकलं’ म्हणाला, तर करंजठाणात दगडाकडं कुणाचा हात जात नाही. कुणीतरी एक म्हातारी गर्दीतून म्हणते,

“मग धू. पाणी मी तापवते.”